अमेरिकेतले अमली पदार्थांचे खटले, अनिवार्य किमान शिक्षा आणि न्यायाधीशांचे बांधलेले हात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत अमली पदार्थांच्या खटल्यात कुणाला दहा-वीस वर्षांची शिक्षा झाल्याची बातमी आली की आपल्याकडे दोन प्रतिक्रिया ठरलेल्या. एक, ‘तिकडे कायदा कडक आहे हो.’ दुसरी, ‘जजने थोडी तरी दया दाखवायला नको होती का?’ पहिली अर्धीच खरी आहे. दुसरीचं उत्तर बहुतेक वेळा असं की, दया दाखवायची जजला परवानगीच नव्हती. ती परवानगी कुणाकडे असते, हा या पानावरच्या बहुतेक प्रश्नांचा गाभा आहे.

अनिवार्य किमान शिक्षा म्हणजे नेमकं काय?

बहुतेक गुन्ह्यांना कायदा फक्त कमाल मर्यादा घालतो: अमुक वर्षांपर्यंत कैद. त्या मर्यादेच्या आत किती द्यायची, हे न्यायाधीश माणूस आणि प्रसंग बघून ठरवतो. अनिवार्य किमान शिक्षेत कायदा खालचा आकडाही बांधून टाकतो.

फेडरल, म्हणजे राज्यांच्या नव्हे तर केंद्राच्या, कायद्यात अमली पदार्थ विकण्याच्या किंवा विक्रीसाठी जवळ बाळगण्याच्या गुन्ह्याला अशा दोन मुख्य पायऱ्या आहेत. माल ठरावीक वजनाचा किंवा त्याहून जास्त असेल तर किमान ५ वर्षं आणि कमाल ४०. त्याहून मोठ्या वजनाला किमान १० वर्षं आणि कमाल जन्मठेप. त्या मालाने कुणाचा जीव गेला असेल तर किमान २०. आरोपी एकोणीस वर्षांचा आहे, घरी आई अंथरुणाला खिळली आहे, स्वतःचं व्यसन भागवण्यासाठी तो पुड्या पोचवत होता, हे सगळं न्यायाधीश ऐकून घेतो. निकालपत्रात लिहितोसुद्धा. पण आकडा तिथेच थांबतो.

दहा वर्षं म्हणजे खरंच दहा वर्षं? पॅरोल नसतो का?

आपल्याकडे पॅरोल म्हणजे कैद्याला मिळणारी काही दिवसांची रजा. अमेरिकेत त्याचा अर्थ मुदतीआधी अटींवर होणारी सुटका. १ नोव्हेंबर १९८७ पासून पुढे घडलेल्या फेडरल गुन्ह्यांना हा पॅरोल नाहीच. चांगल्या वर्तणुकीची सूट वर्षाला जास्तीत जास्त ५४ दिवस. म्हणजे दहा वर्षांचा कैदी निव्वळ या सवलतीच्या बळावर साधारण साडेआठ वर्षांनी बाहेर येतो.

कोणत्या मालाला किती वजन?

पाच आणि दहा वर्षांच्या पायऱ्या अशा: हेरॉइन १०० ग्रॅम आणि १ किलो. कोकेनची पावडर ५०० ग्रॅम आणि ५ किलो. क्रॅक कोकेन २८ ग्रॅम आणि २८० ग्रॅम. फेंटानिल असलेलं मिश्रण ४० आणि ४०० ग्रॅम. गांजा १०० किलो आणि १,००० किलो. मेथॲम्फेटामिन शुद्ध असेल तर ५ आणि ५० ग्रॅम, मिश्रण असेल तर ५० आणि ५०० ग्रॅम. हा भेद केला तेव्हा शुद्ध माल दुर्मीळ होता आणि तो ज्याच्याकडे सापडेल तो साखळीत वरचा, असं गृहीत होतं. आता रस्त्यावर मिळणारं मेथही जवळजवळ शुद्धच असतं. त्यामुळे मोठ्या माशासाठी विणलेल्या जाळ्यात कोपऱ्यावरचा पोऱ्या अडकतो.

वजन कशाचं धरतात, शुद्ध अमली पदार्थाचं की सगळ्या मिश्रणाचं?

मेथसारखे अपवाद सोडले तर सगळ्या मिश्रणाचं. याचं टोकाचं उदाहरण म्हणजे १९९१ चा चॅपमन खटला. एलएसडी शाईच्या टिपकागदासारख्या कागदावर थेंबाथेंबाने शोषून विकतात. आरोपींनी अशा हजार मात्रा विकल्या होत्या. त्यात शुद्ध एलएसडी होतं सुमारे ५० मिलिग्रॅम, कागदासकट वजन भरलं ५.७ ग्रॅम. पाच वर्षांच्या शिक्षेची पायरी १ ग्रॅमला. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, कागद धरून मोजा. थोडक्यात, शिक्षा झाली ती मुख्यतः कागदाच्या वजनाची.

हसू येत असेल तर थांबा. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये मायकल राज प्रकरणात शुद्ध अंश मोजावा असं म्हटलं होतं, आणि २०२० मध्ये हिरा सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ते फिरवून संपूर्ण मिश्रणाचं वजन धरायला सांगितलं.

हे आकडे आले कुठून?

अमेरिकेने हा प्रयोग एकदा करून सोडून दिला होता, हे फार जणांना माहीत नसतं. १९५१ च्या बॉग्ज कायद्याने अमली पदार्थांना किमान शिक्षा आणल्या, १९५६ मध्ये त्या आणखी कडक केल्या. उपयोग दिसेना, उलट ज्युरी दोषी ठरवायला कचरू लागल्या. शेवटी १९७० मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, त्यातल्या जवळजवळ सगळ्या रद्द केल्या. त्या बदलाच्या बाजूने बोलणाऱ्यांत टेक्सासचे एक तरुण खासदार होते, जॉर्ज एच. डब्ल्यू. बुश. पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यांचा सूर पार वेगळा होता, ते सोडा.

मग आला १९८६ चा उन्हाळा. मेरीलँड विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू लेन बायस याला १७ जूनला बॉस्टन सेल्टिक्सने संघात निवडलं आणि १९ जूनला तो कोकेनच्या अतिसेवनाने गेला. देश हादरला. संसदेच्या कनिष्ठ सभागृहाचे सभापती टिप ओनील स्वतः बॉस्टन भागातले. नोव्हेंबरमध्ये निवडणुका. दोन्ही पक्षांत कोण जास्त कठोर याची चढाओढ लागली आणि तज्ज्ञांच्या रीतसर सुनावण्या न घेताच वजनांचे आकडे ठरले. २७ ऑक्टोबरला रेगन यांची सही झाली. १९८८ मध्ये त्यावर आणखी एक थर चढला: कटात सामील असणाऱ्यालाही तीच किमान शिक्षा.

क्रॅक आणि पावडर यांत १०० पटींचा फरक का होता?

क्रॅक ही काही निराळी वस्तू नाही. कोकेनची पावडर, पाणी आणि खाण्याचा सोडा उकळून जे खडे बनतात ते क्रॅक. १९८६ च्या कायद्यात पाच वर्षांच्या शिक्षेला पावडर ५०० ग्रॅम लागायची, क्रॅक फक्त ५ ग्रॅम, म्हणजे चहात घालायच्या चमचाभर साखरेएवढं. अर्धा किलो पावडर विकणारा ठोक व्यापारी आणि तिच्यातून चिमूटभर खडे विकणारा शेवटचा पोरगा एकाच पायरीवर. गंमत अशी की लेन बायसचा जीव पावडरीने घेतला होता.

पावडर श्रीमंत पार्ट्यांत, क्रॅक शहरांतल्या गरीब वस्त्यांत. क्रॅकच्या खटल्यांत फेडरल शिक्षा झालेल्यांपैकी ८० टक्क्यांहून जास्त लोक वर्षानुवर्षं कृष्णवर्णीय होते. शिक्षांचे नियम ठरवणाऱ्या फेडरल शिक्षा आयोगाने १९९५ मध्ये हा फरक काढून टाका असं सुचवलं, काँग्रेसने ती सूचना फेटाळली. २०१० मध्ये ओबामांच्या काळात गुणोत्तर १०० वरून १८ वर आलं. अठराच का? शास्त्र शोधू नका, ती तडजोड होती.

‘सेंटेन्सिंग गाइडलाइन्स’ आणि किमान शिक्षा एकच ना?

नाही, आणि इथे वकिलीचे विद्यार्थीही घसरतात. गाइडलाइन्स म्हणजे १९८४ च्या कायद्याने नेमलेल्या शिक्षा आयोगाचं कोष्टक: गुन्ह्याच्या गांभीर्याच्या ४३ ओळी, पूर्वेतिहासाचे ६ रकाने. ओळ आणि रकाना जुळवा, महिन्यांचा पल्ला हाती येतो. सुरुवातीला हे कोष्टकही बंधनकारक होतं. २००५ च्या बुकर निकालाने ते सल्लागार झालं, आणि २००७ च्या किंब्रो निकालाने सांगितलं की क्रॅकचं गुणोत्तर पटत नसेल तर न्यायाधीश कोष्टकापासून दूर जाऊ शकतो.

पण कोष्टक आयोगाचं, किमान शिक्षा संसदेच्या कायद्याची. बुकरने कोष्टकाची साखळी सोडली, किमान शिक्षेची तशीच राहिली. कोष्टक सांगतं ४१ महिने, कायदा सांगतो ६०, तर ६०.

मग किमान आकड्याच्या खाली जायचा काहीच मार्ग नाही?

शिक्षा ठरवताना दोन दरवाजे आहेत. पहिल्याची किल्ली सरकारी वकिलाकडे असते.

हा पहिला दरवाजा म्हणजे ‘भरीव सहकार्य’. आरोपीने इतरांविरुद्ध माहिती किंवा साक्ष दिली तर सरकारी वकील न्यायालयात अर्ज करतो, आणि मगच न्यायाधीशाला किमान शिक्षेखाली जाता येतं. नाक दाबलं की तोंड उघडतं, हे इथे अधिकृत धोरण आहे. अर्ज आला नाही तर न्यायाधीश स्वतःहून काही करू शकत नाही. नकार वंश किंवा धर्मासारख्या घटनाबाह्य कारणाने दिल्याचं दिसलं तरच न्यायालय विचारणा करू शकतं, असं १९९२ च्या वेड निकालाने ठरवलं. यातला अन्याय उलट्या शिडीसारखा आहे. टोळीच्या म्होरक्याकडे सांगायला वीस नावं असतात. नुसती गाडी चालवणाऱ्याला वर कोण आहे हेच माहीत नसतं. त्याने मनापासून सांगायचं ठरवलं तरी सांगणार काय? मग म्होरक्या सात वर्षांत बाहेर आणि ड्रायव्हर दहा वर्षं आत, असंही घडू शकतं.

दुसरा दरवाजा १९९४ चा ‘सेफ्टी व्हॉल्व’. हा न्यायाधीशाच्या हातातला. पाच अटी: पूर्वेतिहास फारसा नसावा, हिंसा किंवा शस्त्र नसावं, कुणाचा मृत्यू वा गंभीर इजा नसावी, आरोपी टोळीचा सूत्रधार नसावा, आणि शिक्षा सुनावण्याआधी त्याने स्वतःच्या गुन्ह्याबद्दल जे माहीत आहे ते सगळं सरकारला खरं सांगावं. सांगण्यासारखं थोडंच असेल तरी चालतं, खोटं किंवा अर्धवट चालत नाही. ड्रायव्हरला वाचवू शकेल असा हा एकच रस्ता.

२०२४ चा ‘आणि’वरचा निकाल काय होता?

मला या सगळ्यात सर्वांत रंजक वाटणारा भाग हा. २०१८ च्या फर्स्ट स्टेप कायद्याने सेफ्टी व्हॉल्वची पूर्वेतिहासाची अट सैल केली. नवी भाषा साधारण अशी: आरोपीकडे (अ) चारपेक्षा जास्त गुण, (ब) तीन गुणांचा जुना गुन्हा, आणि (क) दोन गुणांचा हिंसक गुन्हा नसावा. हे गुण म्हणजे जुन्या शिक्षांचे, जितकी मोठी शिक्षा तितके जास्त.

आता आईने पोराला सांगितलं, ‘बाजारातून येताना भजी, वडे आणि जिलबी खाऊ नकोस,’ तर नुसती जिलबी खाल्लेली चालेल का? आई म्हणेल, अजिबात नाही. वकील म्हणेल, बंदी तिन्ही एकदम खायला आहे. पुल्सिफर खटल्यात हाच वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्या. एलेना केगन यांनी सहा विरुद्ध तीन बहुमताचा निकाल लिहिला आणि आईची बाजू घेतली: तिन्हींपैकी एक असलं तरी दरवाजा बंद. न्या. गोर्सच यांचं विरोधी मत होतं, आणि त्यांच्यासोबत उदारमतवादी समजल्या जाणाऱ्या सोटोमायोर आणि जॅक्सन होत्या. एका अव्ययावर कित्येकांची वर्षं अवलंबून होती.

म्हणजे न्यायाधीशाचा विवेकाधिकार संपला?

संपला नाही. त्याने जागा बदलली. कुणावर कोणतं कलम लावायचं, आरोपपत्रात वजन लिहायचं की नाही, जुना गुन्हा पुढे आणून शिक्षा वाढवायची की नाही, हे सरकारी वकील ठरवतो, बंद खोलीत, कारण न देता. न्यायाधीशाला निदान उघड्या न्यायालयात कारणं द्यावी लागतात आणि त्याच्यावर अपील होतं. विवेकाधिकार कुणाकडे असावा यावर वाद होऊ शकतो, पण तो वापरणाऱ्याला जाब विचारता यावा याबद्दल वाद नसावा, असं मला वाटतं.

वजनाच्या जोडीला इतर हत्यारंही आहेत. जुन्या गुन्ह्याची नोटीस सरकारी वकिलाने दाखल केली की दहाचे वीस व्हायचे, दोन जुने गुन्हे असले तर थेट जन्मठेप. २०१८ मध्ये हे आकडे १५ आणि २५ वर आले. बंदुकीचं कलम वेगळंच. त्याची शिक्षा मूळ शिक्षेला जोडून, एकामागून एक भोगायची.

युटामधला अँजेलोस खटला त्याचं उदाहरण. अँजेलोस नावाच्या तरुणाने पोलिसांच्या खबऱ्याला तीनदा गांजा विकला, दर वेळी साधारण पाव किलो. जवळ पिस्तूल होतं, ते त्याने कुणावर रोखलं नव्हतं. सरकारी वकिलांनी सौदा देऊ केला, त्याने नाकारला, मग बंदुकीची कलमं वाढली. पहिल्याला ५, पुढच्या दोनांना प्रत्येकी २५, एकूण ५५ वर्षं. न्यायाधीश पॉल कॅसल तसे कडक शिस्तीचे. त्यांनी त्याच दिवशी एका वृद्धेला मारून टाकणाऱ्याला २२ वर्षं सुनावली होती. ५५ वर्षांची शिक्षा अन्यायकारक आणि क्रूर आहे असं लिहून त्यांनी ती दिली, कारण देणं भाग होतं, आणि राष्ट्राध्यक्षांनी ती कमी करावी अशी विनंतीही केली. हे २००४ चं. तो सुटला २०१६ मध्ये. बंदुकीची कलमं पहिल्याच खटल्यात अशी एकावर एक रचण्याची सोय २०१८ च्या कायद्याने काढली.

फेडरल खटल्यांतले ९० टक्क्यांहून जास्त आरोपी गुन्हा कबूल करतात, ते का, हे यावरून कळेल. कबुली दिली तर पाच, ज्युरीपुढे गेलात आणि हरलात तर वीस. जुगार कोण खेळेल?

सरकार बदललं की काही फरक पडतो का?

पडतो, आणि कायद्याचं अक्षरही न बदलता. २०१३ मध्ये ॲटर्नी जनरल, म्हणजे सगळ्या फेडरल सरकारी वकिलांचे प्रमुख, एरिक होल्डर यांनी सूचना काढली: हिंसा नसलेल्या छोट्या आरोपींच्या आरोपपत्रात वजन घालू नका. २०१७ मध्ये त्याच पदावरच्या जेफ सेशन्स यांनी उलट सांगितलं, सिद्ध होईल तो सर्वांत गंभीर आरोप लावा. २०२२ मध्ये मेरिक गारलंड पुन्हा होल्डरच्या दिशेने वळले, २०२५ मध्ये पाम बाँडी सेशन्सच्या. एकाच गुन्ह्याची शिक्षा तुम्ही कोणत्या वर्षी पकडले गेलात यावर ठरू शकते. सगळीकडे एकसारखी शिक्षा मिळावी म्हणून ही व्यवस्था आणली होती, हे लक्षात असू द्या.

मी फक्त मित्राचं पार्सल ठेवून घेतलं, तरी मी अडकेन?

त्यात काय आहे हे माहीत असेल, तर हो. कटाच्या आरोपात स्वतः हाताळलेला मालच नव्हे, तर साथीदारांनी हाताळलेला, तुम्हाला अंदाज असू शकणारा मालही हिशेबात येऊ शकतो. सुक्याबरोबर ओलं जळतं ते असं. व्हर्जिनियातल्या एका महाविद्यालयीन तरुणीने स्वतः कधी माल विकला नव्हता, तिचा मारकुटा प्रियकर विकायचा. १९९४ मध्ये तिला साडेचोवीस वर्षांची शिक्षा झाली. २००० च्या डिसेंबरमध्ये क्लिंटन यांनी ती कमी केली.

ज्युरीची यात काही भूमिका?

२०१३ च्या ॲलेन निकालापासून, किमान शिक्षा वाढवणारी वस्तुस्थिती (उदाहरणार्थ, मालाचं वजन) ज्युरीपुढे निःसंशय सिद्ध व्हावी लागते. कागदावर हे मोठं संरक्षण आहे. पण कबुलीच्या सौद्यात खटलाच चालत नाही.

समर्थकांचं म्हणणं काय? त्यात काहीच तथ्य नाही?

आहे. १९८४ च्या आधी एकाच गुन्ह्याला एक न्यायाधीश प्रोबेशन (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली मोकळं) द्यायचा, शेजारच्या दालनातला पंधरा वर्षं. आरोपीचं नशीब कोणाच्या दालनात खटला गेला यावर. ही तक्रार खोटी नव्हती, आणि ती करणाऱ्यांत न्यायाधीशही होते. शिवाय किमान शिक्षेच्या धाकाशिवाय टोळीतला माणूस तोंड उघडत नाही, असं सरकारी वकील सांगतात. फेंटानिलने घरातलं पोर गमावलेल्या आईबापांना हे आकडे कमीच वाटतात, आणि त्यांच्याशी वाद घालायची माझी तयारी नाही.

धाकाबद्दल मात्र शंका घ्यायला जागा आहे. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २०१४ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेऊन म्हटलं की शिक्षेची लांबी वाढवल्याने मिळणारा धाक फार थोडा. पकडलं जाण्याची खात्री जास्त चालते. एक विक्रेता आत गेला की त्याच कोपऱ्यावर दुसरा उभा राहतो, हे कोणत्याही शहरातला हवालदार सांगेल.

न्यायाधीशांनी कधी विरोध केला नाही?

केला. सॅन डिएगोचे न्यायाधीश लॉरेन्स अर्व्हिंग यांनी १९९० मध्ये शिक्षेच्या या नियमांच्या निषेधार्थ राजीनामा दिला. सर्वोच्च न्यायालयाचे न्या. अँथनी केनेडी यांनी २००३ मध्ये अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या संघटनेसमोर सांगितलं की फेडरल किमान शिक्षा त्यांना गरजेच्याही वाटत नाहीत आणि शहाणपणाच्याही नाहीत. तरी घटनात्मक आव्हान टिकलं नाही. १९९१ च्या हार्मेलिन खटल्यात ६७२ ग्रॅम कोकेनसाठी मिशिगनच्या कायद्याखालची, पॅरोलविना जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवली.

कायदा सौम्य झाला तर आधीच आत असलेल्यांचं काय?

आपोआप काही होत नाही. २०१० चं नवं क्रॅक-गुणोत्तर जुन्या कैद्यांना लागू व्हायला २०१८ उजाडलं. आणखी एक मार्ग राष्ट्राध्यक्षांच्या दयेचा. ओबामांनी १,७१५ जणांच्या शिक्षा कमी केल्या, बायडेन यांनी १७ जानेवारी २०२५ रोजी एकाच दिवसात जवळपास अडीच हजार.

आपल्याकडे अशी पद्धत आहे का?

आहे, अमली पदार्थांविषयीच्या एनडीपीएस कायद्यात. व्यावसायिक प्रमाण (गांजा २० किलो, चरस १ किलो, हेरॉइन २५० ग्रॅम, कोकेन १०० ग्रॅम) ओलांडलं की किमान १० वर्षं, कमाल २०, आणि किमान एक लाख रुपये दंड. १९८५ च्या मूळ कायद्यात तर प्रमाण न बघता बहुतेकांना किमान दहा होती, पायऱ्या २००१ मध्ये आल्या. काही गुन्हे दुसऱ्यांदा केल्यास फाशी अनिवार्य होती. मुंबई उच्च न्यायालयाने जून २०११ मध्ये हा अनिवार्यपणा घटनाबाह्य ठरवून निवड न्यायाधीशाच्या हाती दिली, आणि २०१४ मध्ये संसदेने कायदाही तसा बदलला.

फरक दबावाच्या जागेत आहे. सात वर्षांहून मोठ्या शिक्षेच्या गुन्ह्यात आपल्याकडे कबुलीचा सौदा चालत नाही. आपल्याकडची खरी अडवणूक कलम ३७ मध्ये, जामिनाच्या टप्प्यावर. आरोपी दोषी नसावा असं मानायला सबळ कारण दिसल्याशिवाय जामीन नाही. त्यामुळे अनेक जण निकालाआधीच वर्षानुवर्षं आत असतात.

भारतीय पासपोर्टवर असलेल्या माणसाला अमेरिकेत अटक झाली तर वेगळं काही?

बरंच. अटक होताच भारतीय वकिलातीला कळवायला सांगण्याचा हक्क व्हिएन्ना करारातून मिळतो. फेडरल न्यायालयात दुभाषा फुकट मिळतो. मोडक्या इंग्रजीत काम भागवू नका, तो मागून घ्या. वकील परवडत नसेल तर न्यायालय देतं, आणि हे फेडरल बचाव वकील अनेकदा पैसे घेऊन येणाऱ्यांपेक्षा अनुभवी असतात.

कबुली देण्याआधी एक प्रश्न विचारलाच पाहिजे: याने देशाबाहेर काढतील का? २०१० च्या पडीला निकालानुसार हे सांगणं वकिलाचं कर्तव्य आहे. अमली पदार्थांच्या व्यापाराचा गुन्हा सिद्ध झाला की ग्रीन कार्डही वाचवत नाही. विद्यार्थ्यांसाठी आणखी एक: न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात दुकानातून गांजा विकत घेता येतो, पण विकत घेणारा परदेशी नागरिक असेल तर त्याच्या व्हिसाचा हिशेब राज्याच्या नाही, फेडरल कायद्याने होतो.

आणि शिक्षा पूर्ण झाली म्हणजे घरी, असं नसतं. तुरुंगातून थेट इमिग्रेशनच्या ताब्यात, तिथून विमानात. फर्स्ट स्टेप कायद्यात अभ्यासक्रम आणि काम करून लवकर सुटण्याचे जे दिवस मिळवता येतात, ते देशाबाहेर काढण्याचा अंतिम आदेश निघालेल्या कैद्याला वापरता येत नाहीत.